ग्रिलमधला शेजार: एका रोपाला दुसरं रोप कसं कळतं आणि त्यानुसार कुंड्या कशा मांडाव्यात

मागच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या काकू आमच्या ग्रिलपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, मिरची काय उंच झालीये! खत कुठलं घालतेस?" खत वेगळं काहीच नव्हतं. मे महिन्यात मी खिडकीबाहेरच्या त्या सात फूट बाय दोन फुटांच्या ग्रिलमध्ये एकवीस कुंड्या बसवल्या होत्या. जुलैपर्यंत मधोमधची मिरची अडीच फूट झाली. पानं फिकट, पेरं लांबलांब, खोड पेन्सिलीहून बारीक. महिनाअखेर तिला जेमतेम चार मिरच्या लागल्या आणि शेंड्यावर मावा बसला. त्याच पाकिटातल्या बियांची दुसरी मिरची ग्रिलच्या कोपऱ्यात एकटी होती. ती फूटभरच वाढली, पण बुटकी, फांद्याफांद्यांनी भरलेली आणि मिरच्यांनी लगडलेली.

ऊन दोघींना जवळपास सारखं, पाणी एकाच झारीतलं. फरक होता तो शेजाराचा. काकूंना उंची म्हणजे तब्येत वाटली, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तसंच वाटतं. पण भोवती दुसरी झाडं आहेत असं कळलं की ऊनप्रेमी भाजीचं रोप फळं धरण्याआधी उंच व्हायच्या मागे लागतं. मुंबईतली जागा काही वाढणार नाही. म्हणून ग्रिलमध्ये बाग करणाऱ्याने खताआधी शेजार शिकावा असं माझं मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

रोपाला शेजारी दिसतो कसा

हे नीट समजलं तर पुढच्या अर्ध्या पायऱ्या आपोआप सुचतात, त्यामुळे इथे घाई करू नका.

हिरवं पान उन्हातला लाल प्रकाश शोषून घेतं, कारण अन्न तयार करायला तो लागतो. पण त्या लालच्या पलीकडे, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा, आणखी गडद असा एक प्रकाश असतो. त्याला दूर-लाल म्हणू. लाल साधारण ६६० नॅनोमीटरचा, दूर-लाल ७३० च्या आसपासचा. हा दूर-लाल पानाला फारसा उपयोगी नाही. काही भाग पानातून आरपार जातो, काही परावर्तित होऊन आजूबाजूला पसरतो. म्हणजे जिथे हिरवी पानं जवळ आहेत तिथल्या प्रकाशात लाल कमी आणि दूर-लाल जास्त. मोकळ्या उन्हात लाल आणि दूर-लाल यांचं प्रमाण सुमारे १.२ असतं. दाट पानांच्या खाली ते ०.२ पर्यंत किंवा त्याहूनही खाली येतं.

हे प्रमाण मोजणारं रंगद्रव्य रोपाच्या पानांत आणि खोडात असतं. त्याचं नाव फायटोक्रोम. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर काम झालं. लाल प्रकाश दिला की बी रुजायचं, लगेच दूर-लाल दिला की रुजणं थांबायचं, पुन्हा लाल दिला की पुन्हा रुजायचं. शेवटी दिलेला प्रकाश कोणता, एवढंच बी लक्षात ठेवायचं. पुढे १९५९ मध्ये त्याच गटाने हे रंगद्रव्य वनस्पतीतून ओळखून दाखवलं. लाल प्रकाशात फायटोक्रोम जागं असतं आणि उंच वाढण्याला आवर घालतं. दूर-लाल वाढला की ते निजतं, खोड लांबवणारं ऑक्सिन हे संप्रेरक वाढतं आणि रोप सरळ वर धावू लागतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट १९९० साली पुढे आली. अर्जेंटिनातल्या कार्लोस बायारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याच्या जातीची आणि मोहरीच्या जातीची रोपं शेजाऱ्यांमध्ये वाढवली, पण एकावर दुसऱ्याची सावली पडणार नाही अशा बेताने. तरीही खोडं लांबली. मग खोडाभोवती मोरचुदाच्या द्रावणाचं पारदर्शक कडं बसवलं. हे द्रावण दूर-लाल अडवतं. कडं बसल्यावर लांबणं कमी झालं. म्हणजे सावली पडायच्या आधीच, शेजारच्या पानांवरून आडवा येणारा प्रकाश खोडाला कळतो आणि रोप पुढच्या गर्दीची तयारी करू लागतं.

"माझ्या कुंड्यांची एकमेकींवर सावली पडत नाही, मग काय बिघडलं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बिघडतं ते हे.

आणखी एक जोडगोष्ट. दूर-लाल वाढला की रोपाची किडींविरुद्धची तयारीही ढिली पडते. किडीने चावल्यावर पानात जास्मोनेट नावाच्या संप्रेरकामार्फत कडवट, पचायला जड द्रव्यं तयार होतात. गर्दीचा इशारा मिळालेलं रोप या कामाला हात आखडता घेतं आणि ऐवज उंचीवर खर्च करतं. माझ्या मधल्या मिरचीवर मावा बसला आणि कोपऱ्यातलीवर नाही, यामागे हेही एक कारण असणार. दाटीवाटीच्या ग्रिलमध्ये कीड जास्त का, तर हवा खेळत नाही हे एक आणि हे दुसरं.

पायरी १: तीन दिवस नुसतं पाहा

कुंडी हलवायच्या आधी ग्रिलचा कागदावर आराखडा काढा आणि सकाळी ८, १०, दुपारी १२, २, ४ वाजता ऊन कुठे पडतं ते पेन्सिलीने रंगवा. तीन दिवस पुरतात, पण हा आराखडा वर्षभर चालत नाही हे ध्यानात ठेवा. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेकडच्या ग्रिलला मे-जूनमध्ये थेट ऊन मिळतं आणि डिसेंबरमध्ये अजिबात नाही. दक्षिणेकडच्या ग्रिलचं उलट. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन ग्रिल ओलांडून घरात फरशीपर्यंत येतं.

आराखड्यावर दोन गोष्टी आणखी लिहा: मागची भिंत कुठल्या रंगाची आहे, आणि समोर झाड आहे का. पांढरी भिंत लाल आणि दूर-लाल दोन्ही सारखेच परतवते, त्यामुळे तिच्याजवळचं रोप फसत नाही. उलट त्याला जास्त प्रकाश मिळतो. खिडकीला भिडलेला गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष मात्र शेजारीच आहे, तो तुमच्या सोसायटीचा असो की रस्त्यावरचा.

पायरी २: गर्दीच्या खुणा ओळखा

नुसत्या अंधारातही रोप लांबतं, त्यामुळे एका खुणेवर निवाडा करू नका. दोन पानांमधली पेरं पूर्वीपेक्षा लांब होणं, पानांचे देठ लांबून पानं वर उचलली जाणं, खालून फांद्या न फुटणं, रंग फिकट होणं, आणि काही जातींत लहान वयातच फुलं येणं, या खुणा एकत्र दिसल्या तर शेजार दाटला असं समजा. कोथिंबीर आणि पालक लवकर फुलावर जाण्यामागे उष्णता आणि दिवसाची लांबी ही मोठी कारणं आहेत. गर्दी त्यात भर घालू शकते, पण एप्रिलमध्ये कोथिंबिरीला तुरे आले तर दोष शेजाऱ्याला देऊ नका.

पानं वर उचलली जाण्यामागे स्पर्शही असतो. अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपावर २०१२ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या कामात दिसलं की दाट लावलेल्या रोपांच्या पानांची टोकं एकमेकांना लागली की पानं उभी होऊ लागतात. ती उभी झाल्यावर मग दूर-लाल आडवा पसरतो. सगळी पानं जमिनीलगत आडवी असतात अशा रोपांत स्पर्शाचा इशारा प्रकाशाच्याही आधी येतो. म्हणून रोज संध्याकाळी पाणी घालताना मी पानांची टोकं कुठे भिडलीत ते बघते.

पायरी ३: मोहरीचा प्रयोग एकदा घरी कराच

वाचून पटत नाही, डोळ्यांनी बघितलं की पटतं. खर्च चहाच्या बारा कागदी पेल्यांचा आणि फोडणीच्या डब्यातल्या चिमूटभर मोहरीचा.

प्रत्येक पेल्याच्या तळाला भोक पाडा आणि सगळ्यांत एकच मिश्रण भरा: अर्धं कोकोपीट, अर्धं गांडूळखत. पेल्यात पाच-सहा दाणे टाका आणि रुजल्यावर मधलं एक रोप ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापा. उपटू नका, मुळं हलतात. आता सहा पेले मोकळ्या जागी वीत-वीत अंतरावर ठेवा. उरलेले सहा अशा कुंड्यांच्या मधे ठेवा की चारही बाजूंना हिरवी पानं आहेत पण ती पेल्याच्या रोपाहून उंच नाहीत. वरचं ऊन दोन्ही गटांना सारखं मिळालं पाहिजे. हे साधणं हाच या प्रयोगाचा कस आहे. त्यासाठी मोठ्या कुंड्या खाली ठेवून पेले विटेवर चढवावे लागतात, आणि पेल्यांची रोपं वाढतील तसं दर दोन दिवसांनी ते पुन्हा जुळवावं लागतं.

बारा दिवसांनी मातीपासून पहिल्या खऱ्या पानाच्या जोडापर्यंतची उंची पट्टीने मोजा. प्रत्येक गटाची सरासरी काढा. एकेक पेलाच ठेवला तर बियाबियांमधला फरक आणि शेजारामुळे पडलेला फरक यांत गल्लत होते, म्हणून सहा. शाळेत जाणारं मूल घरात असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. विज्ञानाच्या वहीसाठी यापेक्षा चांगलं प्रकरण मिळणार नाही.

पायरी ४: मांडणी

आता कुंड्या हलवायच्या. माझा क्रम असा असतो.

आधी ऊनप्रेमी भाज्या वेगळ्या काढा: मिरची, टोमॅटो, वांगं, भेंडी, चवळी. यांना शेजारी सहन होत नाही. मिरची-वांग्याला दहा ते बारा इंची कुंडी, टोमॅटोला बारा ते चौदा, आणि एका कुंडीत एकच रोप. दोन रोपांच्या पानांच्या टोकांमध्ये पूर्ण वाढीनंतरही वीतभर अंतर राहील अशा बेताने त्यांच्या जागा ठरवा. आज रोप लहान आहे म्हणून जवळ ठेवलं तर महिन्याभराने हलवायचं राहून जातं, हा माझा अनुभव आहे. ग्रिल रस्त्याकडे असेल तर ही सगळी रोपं एका ओळीत बाहेरच्या बाजूला येतात, आणि त्यांच्यामागे दुसरी ऊनप्रेमी ओळ करायची नाही.

मग मधली जागा वाया जाते का? नाही. जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या जाती गर्दीला घाबरत नाहीत. त्यांचं जगणंच मोठ्या झाडांच्या सावलीतलं, त्यामुळे दूर-लाल वाढला म्हणून त्या फारशा धावत नाहीत. हळद, आलं, अळू, मनी प्लांट, फर्न ही रोपं ऊनप्रेमींच्या पायाशी ठेवा. गणपतीत हळदीचं पान लागतंच, पातोळ्यांना. माझ्या ग्रिलमध्ये मिरच्यांच्या मधे हळदीच्या दोन कुंड्या आहेत. जुलैत हळदीची पानं मिरचीच्या वर जाऊ लागली तर मात्र हळदीची कुंडी मागे सरकवावी लागते.

तुळस, गवती चहा आणि कढीपत्ता मधल्या प्रकारात मोडतात. चालतात कुठेही, पण तुळशीला बुटकी आणि दाट ठेवायची असेल तर तिला भिंतीलगत मोकळी जागा द्या आणि मंजिऱ्या खुडत राहा.

उंचीच्या पायऱ्या करा. विटा किंवा लोखंडी स्टँड वापरून मागच्या कुंड्या वर उचला. ग्रिलच्या कठड्यावर बाहेरून कुंडी टांगू नका. बारा इंची कुंडी पावसात भिजली की वीस किलोच्या आसपास भरते, आणि खाली माणसं चालत असतात.

मेथी आणि मायक्रोग्रीन मात्र दाटच पेरा. ती पंधरा-वीस दिवसांत कापायचीच असतात, आणि गर्दीमुळे लांबलेले कोवळे देठ भाजीला चांगलेच लागतात. गर्दीतली धाव इथे आपल्या कामाची.

बिया पेरलेला ट्रे मोठ्या झाडाच्या पानांखाली ठेवू नका. लेट्यूससारख्या काही बारीक बिया पानांखालून गाळून आलेल्या प्रकाशात रुजायचं टाळतात. वरची जागा मोकळी होईपर्यंत मातीत थांबणं त्यांच्या फायद्याचं असतं.

आधीच लांबलेल्या रोपाचं काय? खोड परत आखूड होत नाही. पण मोकळ्यात आणल्यावर पुढची पेरं आखूड येतात. टोमॅटो असेल तर खालची पानं काढून खोड खोलवर पुरा, त्यावर नवी मुळं फुटतात. मिरचीचा शेंडा खुडा, आठवड्याभरात बाजूने फुटवे येतील. घरात पांढऱ्या एलईडीखाली रोपं वाढवणाऱ्यांना दिसलं असेल की ती बुटकी राहतात. कारण त्या प्रकाशात दूर-लाल फारच कमी असतो, आणि रोपाला वाटतं आपण माळावर एकटेच आहोत.

पायरी ५: मातीखालचा शेजार

माझं आजोळ सोलापूरकडचं. लहानपणी ज्वारीच्या शेतात जांभळट-पांढऱ्या फुलांचं इवलंसं झाड दिसलं की आजोबांचा चेहरा उतरायचा. तो टारफुला. दिसायला नाजूक, पण त्याची मुळं ज्वारीच्या मुळांत घुसून रस ओढतात. त्याचं बी धुळीच्या कणाएवढं असतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. यजमानाचं, म्हणजे ज्याच्यावर ते जगतं त्या रोपाचं, मूळ जवळ आल्याशिवाय ते रुजत नाही.

त्याला हे कळतं ते मुळांतून पाझरणाऱ्या स्ट्रिगोलॅक्टोन या द्रव्यांमुळे. असं पहिलं द्रव्य १९६६ साली कापसाच्या मुळांमधून वेगळं काढलं. गंमत अशी की कापसावर टारफुला वाढत नाही. बी फसून रुजतं आणि मरतं. पण रोपाने स्वतःच्या शत्रूला बोलावणारं द्रव्य बाहेर का टाकावं? याचं उत्तर मिळायला २००५ उजाडलं. जपानी संशोधकांनी दाखवलं की हीच द्रव्यं मायकोरायझा या उपयोगी बुरशीला मुळाकडे बोलावतात. ही बुरशी स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देते आणि बदल्यात साखर घेते. मित्राला घातलेली साद टारफुल्याने ऐकली, इतकंच.

ग्रिलमध्ये याचा उपयोग असा. नर्सरीत मायकोरायझाची पावडर मिळते. ती वापरायची असेल तर त्याच कुंडीत डीएपीसारखं भरपूर स्फुरद असलेलं खत घालू नका. मातीत स्फुरद मुबलक असलं की मूळ ही साद कमी घालतं आणि बुरशी जोडली जात नाही. दोन्हींवर पैसे खर्च करून एक वाया घालवण्यापेक्षा शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड बरी. कोबी, मुळा, मोहरी या कुळातली रोपं मायकोरायझाशी जोडी करतच नाहीत, त्यांच्या कुंडीत ती पावडर घालू नका. आणि जंगलातली झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना निरोप पाठवतात असं वाचलं असेल, तर त्यातल्या बऱ्याच दाव्यांवर २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या संशोधकांनी प्रश्न उभे केले आहेत. आपल्या कुंड्या तर वेगवेगळ्याच आहेत, तिथे जाळं नाही.

एका कुंडीत दोन रोपं लावावीत का? कॅनडात २००७ साली समुद्रकिनारी वाढणाऱ्या सी रॉकेट या रोपावर काम झालं. एकाच आईची रोपं एका कुंडीत होती तेव्हा त्यांनी मुळं कमी वाढवली. परक्यांसोबत असताना जास्त. नातं ओळखण्याची ही गोष्ट मनाला फार भिडते. पण अशा प्रयोगांत कुंडीचा आकार आणि खताची वाटणी यांचा परिणाम वेगळा काढणं अवघड असतं, आणि त्यावर वाद आहे. त्यामुळे मी तिच्यावर मांडणी करत नाही. मी बघते ते पाणी आणि वेळ. एका कुंडीत राहायचं तर दोघांना पाणी सारखं लागलं पाहिजे, आणि एकाचं आयुष्य संपेपर्यंत दुसऱ्याची जागेची गरज वाढलेली नसावी. टोमॅटोच्या कुंडीत सुरुवातीच्या महिन्यात मेथी चालते, ती कापली जाते तोवर टोमॅटोला जागा लागत नाही. पुदिना कुणाबरोबरही लावू नका. त्याची आडवी खोडं दोन महिन्यांत सगळी कुंडी व्यापतात. पुदिन्याला स्वतःचा पसरट टब द्या.

पायरी ६: वासाचे इशारे आणि कीड

पहिला पाऊस झाला की महिन्याभरात शहरातल्या बागांमधलं गवत कापायला सुरुवात होते, आणि एक हिरवा, तीव्र वास येतो. तो जखमी पानांचा वास. शेजारचं रोप तो टिपतं.

१९८३ साली अमेरिकेत इयान बॉल्डविन आणि जॅक शुल्ट्झ यांनी पॉप्लर आणि शुगर मेपलच्या रोपांवर काम केलं. काही रोपांची पानं फाडली, त्याच बंद पेटीत काही रोपं धक्का न लावता ठेवली. धक्का न लागलेल्या रोपांतही संरक्षक द्रव्यं वाढली. तेव्हा फार टीका झाली. १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी टोमॅटोची रोपं सेजब्रश या वासाच्या झुडपाच्या फांद्यांबरोबर बंद भांड्यात ठेवली. टोमॅटोने किडीचं पोट बिघडवणारी प्रथिनं तयार केली. वासातलं कारण होतं मिथाइल जास्मोनेट, म्हणजे चमेलीच्या तेलात सापडलेलं सुगंधी द्रव्य. वर ज्या जास्मोनेटचा उल्लेख आला ते याचंच सख्खं भावंड. आणि २०२३ मध्ये जपानमधल्या सैतामा विद्यापीठाच्या गटाने याचं चित्रणच केलं. अळ्यांनी खाल्लेल्या पानांचा वास शेजारच्या रोपावर सोडला, आणि त्या रोपाच्या पानांत कॅल्शियमची लाट उजळत पसरताना दिसली.

मग टोमॅटोशेजारी मोगरा ठेवला की काम झालं? नाही. सेजब्रशवर मोकळ्या माळरानात झालेल्या कामात हा इशारा साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतच पोचताना दिसला. आपल्या ग्रिलवर समुद्रावरचा वारा असतो, वास टिकतच नाही. मोगरा मोगऱ्यासाठी लावा.

उपयोग आहे तो वेगळा. कीड एका रोपावर दिसली की त्याच दिवशी कुंडी उचलून ग्रिलबाहेर, शक्यतो गच्चीत किंवा न्हाणीघरात न्या. पिठ्या ढेकूण असेल तर आधी मुंग्यांची वाट तोडा, त्या त्याची ने-आण करतात. पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणपाण्यात थोडं निंबोळी तेल, तीन दिवसांनी पुन्हा. शेजारच्या कुंड्यांवर लगेच फवारू नका. आठवडाभर रोज पानं उलटून बघा. आणि त्याच वेळी त्यांच्यातलं अंतर वाढवा. गर्दीत संरक्षण ढिलं पडतं हे आठवा. फवाऱ्यापेक्षा माझ्याकडे या मोकळिकीने जास्त फरक पडला.

वासाचाच आणखी एक घरगुती भाग. मे महिन्यात आंब्याची अढी घातलेल्या बंद खोलीत टोमॅटो-मिरचीची कोवळी रोपं ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो. त्याने टोमॅटोची पानं खाली वळतात आणि फुलं-कळ्या गळतात. रोपाला पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी पाणी घालतात.

अमरवेलीची गोष्ट सांगितल्याशिवाय वासाचं प्रकरण पुरं होत नाही. कुंपणावर पसरलेले ते पिवळे दोरे तुम्ही पाहिले असतील. पाठ फिरवून पुढे जाऊ नका, जवळून बघा, फक्त तुकडा घरी आणू नका. अमरवेलीचं कोवळं रोप स्वतःच्या जिवावर थोडेच दिवस तगतं. तेवढ्यात यजमान सापडला पाहिजे. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की हे रोप वासावरून टोमॅटोकडे वळतं. टोमॅटो तिथे नसून नुसता त्याचा अर्क असला तरी वळतं. कुंडीवर एकही दोरा दिसला तर ती फांदी संपूर्ण कापून ओल्या कचऱ्यात न टाकता पिशवीत बांधून टाका.

पायरी ७: कोण कोणाला रुजू देत नाही

काही झाडांच्या पानांतली, मुळांतली द्रव्यं शेजाऱ्यांची वाढ रोखतात. मोकळ्या प्लॉटवर माजलेलं गाजरगवत हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. त्यातलं पार्थेनिन बियांचं रुजणं रोखतं, शिवाय त्वचेला त्रास देतं. अशा प्लॉटवरची माती कुंडीत आणू नका. बडीशेप वेगळ्या कुंडीत लावा. निलगिरीची ताजी पानं आच्छादन म्हणून घालू नका.

शंका असली की माझ्याकडे एक साधी तपासणी आहे. पानं बारीक करून एक वाटी पाण्यात रात्रभर भिजवा आणि गाळा. दोन ताटल्यांत ओला टिश्यू पसरून प्रत्येकी वीस मेथीदाणे ठेवा. एकीवर साधं पाणी, दुसरीवर हा काढा. चौथ्या दिवशी मोड मोजा. काढ्याच्या ताटलीत निम्मेच मोड आले तर ती पानं आधी सहा-आठ आठवडे खतात कुजवा, मगच वापरा.

झेंडूबद्दल नीट सांगायला हवं, कारण त्याच्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथिएनिल असतं, ते सूत्रकृमींना, म्हणजे मुळांवर गाठी आणणाऱ्या बारीक कृमींना, मारक आहे. पण टोमॅटोच्या कडेला एक झेंडू लावून मुळांवरच्या गाठी जात नाहीत. ज्या कुंडीत सूत्रकृमी झाले तिथे दोन-तीन महिने फक्त झेंडूच दाट लावा, मग त्याच मातीत पुढचं पीक घ्या. दसऱ्याला फुलं मिळतात ती वेगळी.

वर्षाचं वेळापत्रक

मेच्या मध्याला एकदा सगळ्या कुंड्यांची फेरमांडणी, उत्तरेकडच्या ग्रिलमध्ये ऊनप्रेमी पुढे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ढगाळ प्रकाशात सगळंच लांबतं, म्हणून पंधरा जूनच्या आत निम्मी संख्या कमी करा. मी दरवर्षी आठ-दहा कुंड्या ओळखीच्यांना देते. काकूंना गेल्या वर्षी ती उंच मिरचीच दिली. त्यांच्या ग्रिलमध्ये दुसरं काहीच नव्हतं. शेंडा खुडून, पांढऱ्या भिंतीला लावून ठेवायला सांगितलं. ऑक्टोबरच्या उन्हात, पाऊस ओसरल्यावर, दुसरी फेरमांडणी करायची आणि टोमॅटो, वांगी तेव्हाच लावायची. नोव्हेंबरात काकूंनी वाटीभर मिरच्या आणून दिल्या. यंदा त्यांना हळदीचा कंद हवा आहे. मी मेअखेर देणार आहे, आणि मिरचीपासून किती अंतरावर ठेवायचा ते वीत मोजून दाखवणार आहे.